आमच्या जीपमधली दुनळी

आमच्या घरात बंदूक आली ती आधी काठीच्या रूपानं. गाठी तासून गुळगुळीत केलेली, बरोबर बंदुकीच्या लांबीची वेळूची एक काठी अप्पांनी सुताराकडून करून घेतली आणि कितीतरी दिवस ती आमच्या जीपमधून हिंडवली. अप्पा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग होते. कुठलंही नवं डिझाइन मागावर चढवण्याआधी वीतभर नमुना विणायचा, धुवायचा, चोळायचा, उन्हात टाकायचा, हा त्यांचा नेम. "आधी सॅम्पल, मग माल," असं ते म्हणत. बंदुकीचंही त्यांनी सॅम्पल काढलं. हे लिहिताना मला हसू येतं, आणि हसू आलं की लगेच अव्वाचा, म्हणजे आईचा, उजवा कान आठवतो. त्या बंदुकीनं तिचा कान नेला. बंदुकीत काडतुसं मी भरली होती. अप्पांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे गोड वाटेल त्याला वाचणाऱ्यानं फार भुलू नये.

आमचं घर शेडला लागूनच होतं, मधे फक्त एक भिंत आणि भिंतीपलीकडं मागांची खटखट. ती खटखट आम्हाला ऐकूच यायची नाही. वीज गेली की मात्र दचकून जाग यायची. पाहुणे यायचे ते पहिल्या दिवशी ओरडून बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी निघून जायचे. अव्वा त्या आवाजात भाकरी थापायची, आणि थापता थापता तिचा हात मागांच्या ठेक्यावर कधी जायचा हे तिलाही कळत नसे. चुलीपाशी बसून ती मधेच म्हणायची, "मल्लू, जाऊन सांग, कोपऱ्यातल्या मागाचा धोटा अडखळायलाय." मी जाऊन पाहावं तर खरंच तिथला कारागीर माग थांबवून धोटा हातात घेऊन उभा. देवाशी आणि अप्पांशी ती कानडीत बोलायची, आमच्याशी मराठीत, आणि रागावली की दोन्हीत. अप्पांची थोरली बहीण, आमची आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच होती. पूजा-अर्चा, सोवळं, सणाचे नियम हे सगळं तिचं खातं. त्या खात्यात अप्पासुद्धा तोंड घालत नसत.

अव्वाला भाऊ नव्हता. करकंबच्या शिवारातली तिच्या वडिलांची जमीन तिच्याकडं आली होती आणि तिथं तिनं डाळिंब लावलं होतं. दर रविवारी अप्पा आणि ती जीपनं तिकडं जायची. सकाळी निघताना फडक्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा आणि दह्याचा डबा. संध्याकाळी परत येताना अव्वाच्या पदराला मातीचा वास आणि चेहरा असा, की जणू ती माहेरी राहून आलीय. एका रविवारी परतताना, दिवस मावळायच्या सुमाराला, मोहोळच्या अलीकडं रस्त्यात बाभळीची फांदी आडवी टाकलेली होती. ती काढायला अप्पा उतरले आणि उसातून माणसं बाहेर आली. अव्वाची बोरमाळ गेली, अप्पांचं घड्याळ गेलं, जीपची बॅटरी गेली. त्यातल्या एका पोरसवदा माणसानं जाता जाता अप्पांच्या थोबाडीत दिली. काही कारण नव्हतं. अप्पा हात जोडून उभे होते तरी दिली. हे अप्पांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. अव्वानं सांगितलं, तेही आत्याला, आणि मी दाराआडून ऐकलं.

त्यानंतर अप्पांना रविवारी कामं निघू लागली. कधी सुताचा व्यापारी येणार असे, कधी जीपचा गिअर अडकत असे. अव्वा डबा बांधायची आणि दुपारी तोच डबा आम्ही घरात बसून खायचो. तिनं एकदाही चला म्हटलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "झाडं फुलावर आली असतील ओ." अप्पा ताटावरून उठून शेडमध्ये गेले. त्या आठवड्यात त्यांनी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला त्या कल्पनेनं वेड लावलं. अप्पांचं मन डळमळायचं तेव्हा मीच त्यांना चढवायचो. परवाना यायला फार महिने गेले. चौकशीला येणाऱ्या हवालदारांना अव्वानं किती वेळा चहा दिला त्याला गणती नाही. शेवटी परवाना हातात आला आणि आम्ही दोघं सात रस्त्याच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानात एक म्हातारे चाचा होते, दाढीला मेंदी लावलेली. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की रिव्हॉल्व्हर घ्यायचं. जीपच्या डॅशबोर्डच्या खणात बसतं, दिसत नाही, झटकन निघतं.

"कशाला पायजे शेठ? घरात की गाडीत?" मी बोट दाखवलेलं रिव्हॉल्व्हर बाहेर काढत चाचांनी विचारलं.

"गाडीत," अप्पा म्हणाले. "मंडळी सोबत असत्यात."

"मग ये छोटा मत लेव. भ्यालेल्या माणसाच्या हातात ये नाचतंय. लागंल तो आपल्याच माणसाला लागंल." त्यांनी मागच्या कपाटातून एक जुनी दुनळी काढली, वर काडतुसावर आपटणारे दोन घोडे असलेली. "ये लंबा हाय. लांबून दिसतंय. गाडीची बंदूक दिसली पायजे, वाजली नाय पायजे."

"बसणार कुठं पण जीपमध्ये?" मी हिरमुसून म्हणालो.

"तुमी उभं कराल तर नाय बसायची. तुमचे पिताजी बसवतील. कारखानदार हायेत ना?"

अप्पांनी बंदूक घेतली नाही. खिशातून टेप काढली, लांबी घेतली, म्हणाले, "सॅम्पल काढून येतो." चाचांना काही कळलं नाही.

मग सुरू झाला काठीचा महिना. माझ्या तरुणपणातले इतके हसरे दिवस दुसरे नाहीत. शेडपुढच्या मोकळ्या जागेत जीप उभी करायची. मी चालवायला, अप्पा शेजारी, अव्वा मागच्या बाकावर. आत्या पायरीवर बसून शेंगा निवडत बघायची. काठी आधी दोन सीटच्या मधे ठेवली, तर गिअर टाकताना माझं कोपर आपटलं. दाराशी उभी केली तर अप्पांना उतरता येईना. टपाच्या दांड्याला बांधली तर काढेपर्यंत, आत्याच्या शब्दांत, "चोर जेवून, पान खाऊन जाईल." रंगारी आणि कारागीर जेवायच्या सुट्टीत जमायचे. एक जण चोर व्हायचा, जीपपुढं येऊन उभा राहायचा, अप्पा काठीसाठी मागं वळायचे आणि काठी अव्वाच्या गुडघ्यावर बसायची.

"एक ठरवा बघा," अव्वा कपाळाला हात लावून म्हणायची. "गाडीत मी बसू का ही बसू?"

"तू बसावंस म्हणूनच हिला घ्यायलोय की," अप्पा म्हणाले एकदा. सगळे हसले. अव्वा मात्र हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि दुसरीकडं पाहिलं. त्यांच्यातलं ते बोलणं मला फार उशिरा कळलं.

शेवटी जागा सापडली. पुढच्या सीटच्या पाठीमागं, आडवी, लोखंडी हुकांवर, नळ्यांची तोंडं जीपच्या बाहेरच्या बाजूला. अप्पांनी हुकांना टॉवेलच्या चिंध्या गुंडाळल्या आणि मग बंदूक आणली. चाचांनी नियम सांगितला होता: गाडीत बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी. अप्पांनी तो शेवटपर्यंत पाळला. काडतुसं शेंगाचटणीच्या जुन्या डब्यात घालून तो डबा अव्वाच्या मांडीजवळ असायचा. डबा कितीही घासला तरी लसणाचा वास जाईना, म्हणून काडतुसांनाही तो लागला. पुन्हा रविवार सुरू झाले. मी गाडी चालवायचो. बाभळीची ती जागा आली की अप्पांचा हात मागं जाऊन दस्त्यावर टेकायचा आणि जागा गेली की परत मांडीवर यायचा. अव्वा मागून कानडीत काहीतरी गुणगुणत असायची. आता तिथं चौपदरी रस्ता झालाय, टोलनाका आहे, रात्रभर दिवे असतात. माझी मुलगी त्या रस्त्यानं एकटी गाडी नेते आणि मी तिला पोचलीस की फोन कर एवढंच सांगतो.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी माग बंद असतात. वर्षातून एकदाच शेड इतकी गप्प व्हायची की छपरावर चिमण्यांचे पाय ऐकू यायचे. माग धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा, धोट्यांना हळद-कुंकू, जीपला उसाचे वाढे. घरात पुरणाच्या कडबूंचा आणि गुळाचा वास. पाटावर नवं कापड टाकून त्यावर कात्री, हातोडी, पाने आणि त्या वर्षी पहिल्यांदाच दुनळी ठेवली. आत्यानं आरतीचं ताट उचललं आणि थांबली.

"मल्लू, हिच्यात ते घातलंस का रे?"

"काय?"

"ते तांबडं. काडतूस."

"न्हाई आत्या. रिकामीच ठेवायची असती."

"देवापुढं रिकामं ताट ठेवतोस का? रिकामी ओटी भरतात का कुणी? शस्त्र पुजायचं तर भरून पुजायचं. घाल."

अप्पा बाहेर कारागिरांना दसऱ्याचे टॉवेल वाटत होते. मी डबा आणला, दोन काडतुसं आत घातली, नळी मिटवली. मला सांगायला लाज वाटते, पण ती मिटताना जो खट् आवाज झाला तो मला आवडला. पूजेला लावलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. दसऱ्याच्या सकाळी आत्यानं अक्षता टाकून सगळं हलवलं. नव्या मालातला एक टॉवेल आणून तिनं बंदूक त्यात गुंडाळली, कारण पुजलेलं शस्त्र उघडं घराबाहेर काढायचं नाही. टर्की टॉवेल, दोन्ही अंगांना धाग्याचे बारीक फास असलेला, आमचा सगळ्यात भारी माल. ती गुंडाळी मी उचलून जीपमध्ये हुकांवर ठेवली. अप्पांनी विचारलं, "ठेवलीस?" मी हो म्हणालो. त्यांच्या मनात रिकामी बंदूक होती. माझ्या मनात काय होतं? खरं सांगायचं तर माझ्या मनात कॉलेजातल्या मित्रांना संध्याकाळी सोनं द्यायला जायचं होतं. त्यामुळं करकंबहून लवकर परतायची घाई होती.

दुपारी शेतातल्या पूजेसाठी करकंबला जाताना, मोहोळच्या पुढं एका उतारावर अव्वानं मागून सांगितलं की नारळाचं पाणी सांडलंय, पुसायला काही आहे का. मी म्हणालो, "टॉवेल हाय की समोर." हे मीच म्हणालो. तिनं टॉवेलाचं टोक धरून ओढलं. टॉवेलचे फास घोड्यात अडकले असणार. तिनं जरा जोर लावला. घोडा थोडा वर आला आणि सुटला.

त्या आवाजाचं वर्णन मला करता येत नाही. मी ब्रेक दाबला आणि जीप कडेला आडवी झाली. जीपच्या बाजूच्या ताडपत्रीला भाकरीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून ऊन आत आलं होतं. धूर होता. अव्वा बाकावर होती, हातात टॉवेल, अंगावर रक्त नव्हतं. अप्पांनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांच्याही डोक्यात एकच आलं: त्या बाजूला कोण होतं? बाहेर उडी मारली तर रस्त्याकडंच्या चरीत सायकल पडलेली आणि शेजारी एक म्हातारा धोतर झटकत उठत होता. मी धावलो. त्याचे हात, पाय, डोकं चाचपलं.

"आरं आरं, गुदगुल्या का करतुयास?" म्हातारा म्हणाला. "केवढा बार झाला ओ! मी दचकून पडलो. टायर फुटलं व्हय?"

अप्पा माझ्या मागं उभे होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "व्हय," ते म्हणाले. "टायर."

"बरं झालं सांबाळलं. जीपगाडीत बायकामाणसं हायेत न्हवं?" त्यानं सायकल उचलली, आमच्याकडून आपट्याची पानं घेतली, आम्हाला दिली आणि गेला. आम्ही जीपपाशी आलो. अव्वा तशीच बसली होती, उजवा तळवा कानावर दाबून. ती आमच्याकडं बघून हसली, लहान मुलं हसतात तसं, आणि म्हणाली, "काय म्हणत होता त्यो? मला दिसला तो बोलताना. ऐकू आलं न्हाई."

डॉक्टर म्हणाले, शीर गेली. उजव्या कानाचं काही होणार नाही, डावा थोडा राहील. घरी त्याच संध्याकाळी अप्पांनी आत्याला आणि अव्वाला सांगितलं की काडतुसं काढायला ते स्वतः विसरले. का भरली, कुणी भरली, हे त्यांनी विचारलंच नाही. माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि त्यांना कळलं. आत्याला माहीत होतं. ती देवघरात जाऊन बसली आणि तिथून बाहेर आली ती मुकाट्यानं. त्यानंतर घर बदललं. मागांची खटखट तीच होती पण अव्वा चुलीपाशी आता खाली मान घालून भाकरी थापायची आणि धोटा अडखळला तर आम्हाला कारागीर सांगायला यायचा. तिला वाटे आपण मोठ्यानं बोलतोय, म्हणून ती हळू बोलू लागली, आणि आम्हाला वाटे तिला ऐकू जात नाही, म्हणून आम्ही कमी बोलू लागलो. अप्पा तिच्याशी फक्त डाव्या बाजूनं बोलत. जेवताना ते आपली जागा बदलून तिच्या डावीकडं बसू लागले, आणि तिला जे सांगायचं ते सगळं सांगत, फक्त त्या दुपारचं सोडून.

दिवाळीआधी अप्पांनी बंदूक पोलिसांत जमा करायची ठरवलं. मी गाडी काढली. अव्वा कुणालाही न विचारता पायरी चढून मागच्या बाकावर बसली. अप्पांनी हातानं नको नको केलं, तिनं पाहिलंच नाही असं दाखवलं. ठाण्यात टेबलामागं एक पोक्त हवालदार होते, चष्मा कपाळावर. त्यांनी परवाना पाहिला, बंदूक पाहिली, पेन उचललं.

"इतकी पायपीट करून घेतली आन् लगेच परत? कारण काय लिवू?"

बाकावर बसलेले दोन-तीन लोक आमच्याकडं बघत होते.

"धोका टळला म्हणून लिवू का? तसं लिवत्यात लोक."

"तसंच लिहा," अप्पा हळूच म्हणाले.

अव्वानं अप्पांची बाही ओढली. "काय विचारायलेत ते?"

"काही न्हाई."

"तोंड हलत होतं की त्यांचं."

अप्पा तिच्या डाव्या कानाशी वाकले, पण तिथं पंखा फार आवाज करत होता. त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं. "कारण विचारत्यात! बंदूक का परत देता म्हणून!"

"मग सांगा की," अव्वा म्हणाली.

मग अप्पांनी सांगितलं. हवालदारांकडं पाठ करून, तिच्याकडं तोंड करून, अख्ख्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात. रस्त्यात थोबाडीत खाल्ल्यापासून सांगितलं, ते त्या म्हाताऱ्याला टायर म्हणाल्यापर्यंत. ते ओरडून सांगत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं. इतकं सलग ते तिच्याशी कधी बोलले असतील असं मला वाटत नाही. हवालदारांनी पेन खाली ठेवलं होतं. शेवटी अप्पा म्हणाले, "आन् काडतुसं काढायला मी विसरलो."

अव्वानं मान हलवली. "ते झालं. भरली कुणी?"

अप्पांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोललो. मला वाटतं मी बोललो. माझा आवाज मलाच पोचला नाही.

अव्वा माझ्याकडं वळली, डावा कान पुढं करून, डोळे माझ्या ओठांवर ठेवून.

"ऐकू आलं न्हाई रे, बाळा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं.